लिटलकोट हाऊस: वाडा, हॉटेल आणि तिथली भुतं – नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही रेडिंगला राहतो, त्यामुळे भारतातून कोणी आलं की दोन दिवस कुठेतरी न्यायची जबाबदारी आमच्यावर येते. मागच्या काही वर्षांत लिटलकोटला बऱ्याच चकरा झाल्या आणि प्रत्येक वेळी तेच प्रश्न येतात, गाडीत बसल्यापासून. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय, पुढच्या पाहुण्यांना लिंक पाठवली की माझं काम संपलं.

हे नक्की आहे कुठे?

इंग्लंडमध्ये, विल्टशायर आणि बर्कशायरच्या सीमेवर, हंगरफर्ड गावापासून काही मैलांवर. लंडनहून एम-४ धरायचा आणि १४ नंबरच्या जंक्शनला उतरायचं. ट्रेनने यायचं तर पॅडिंग्टनहून हंगरफर्ड, पुढे टॅक्सी. शेजारून केनेट नदी वाहते. नदी म्हणजे आपल्या कृष्णा-कोयनेच्या हिशोबाने ओढाच म्हणा, पण पाणी इतकं नितळ की तळाचं गवत हलताना दिसतं. ट्राउट माशांसाठी प्रसिद्ध आहे.

किती जुना आहे हा वाडा?

एका वर्षात बांधून झालेला प्रकार नाही हा, आपल्या वाड्यांसारखंच, एका पिढीने सोपा काढला, दुसरीने माडी चढवली. जागेवर तेराव्या शतकापासून काही ना काही होतं. १४१५ मध्ये लग्नसंबंधातून मालमत्ता डॅरेल घराण्याकडे आली, त्यांनी ट्यूडर काळातला वाडा उभा केला. मग सोळाव्या शतकाच्या शेवटी पॉपम नावाच्या माणसाने दर्शनी बाजू विटांमध्ये नव्याने बांधली, आज फोटोत जी लांबलचक लाल भिंत दिसते ना, ती. या पॉपमचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

राजघराण्याशी नातं पण आहे. आठव्या हेन्रीची तिसरी राणी जेन सेमूर, तिची आजी एलिझाबेथ ही लिटलकोटच्या डॅरेलांची मुलगी. हेन्रीने जेनला इथेच भेटी देऊन पटवलं असं सांगतात. पटवायला त्याला फार कष्ट पडत नसावेत, नाही म्हणायची सोय कोणाला होती.

मेन भुताची गोष्ट काय आहे? मुलं झोपल्यावर सांगेन म्हणाला होतात.

तर ऐका. साल १५७५ च्या आसपास. एका रात्री दोन घोडेस्वार एका सुईणीच्या दारात येतात. एका मोठ्या घरच्या बाईंचे दिवस भरलेत, लगेच चला, पैसे भरपूर मिळतील, पण डोळ्यांवर पट्टी बांधून यावं लागेल. सुईण जाते. बराच वेळ घोड्यावर, मग एक जिना, मग एक मोठी खोली, मोठा जाळ पेटलेली शेकोटी. पलंगावर एक बाई कळा देतेय, तोंडावर मुखवटा. बाळ होतं, मुलगा. सुईण बाळाला घेऊन वळते तर घराचा मालक तिथे उभा, तो म्हणतो टाक आगीत. ती पाया पडते, मला द्या, मी सांभाळते, कोणाला कळणार नाही. तो बाळ हिसकावतो आणि स्वतः शेकोटीत टाकतो, बुटाने निखाऱ्यांत दाबतो.

सुईण हुशार. जाता जाता पलंगाच्या पडद्याचा एक तुकडा कापून घेते, उतरताना जिन्याच्या पायऱ्या मोजते. नंतर त्या तुकड्यावरून आणि पायऱ्यांच्या आकड्यावरून वाडा सापडतो, मालक निघतो विल्यम डॅरेल, ज्याला सगळे वाइल्ड डॅरेल म्हणायचे. तेव्हापासून जिन्याच्या वरच्या लँडिंगवर आणि त्या बेडरूममध्ये बाळाला घेतलेली एक बाई दिसते असं म्हणतात.

यातलं खरं किती?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, त्यामुळे इथे जरा वेळ लागेल.

खरं तेवढं म्हणजे सुईण. ती होती. ग्रेट शेफर्ड गावची, आडनाव बार्न्स, लोक मदर बार्न्स म्हणायचे. १५७८ मध्ये मरणाच्या दारात असताना तिने अँथनी ब्रिजेस नावाच्या मॅजिस्ट्रेटपुढे जबाब दिला आणि तो कागद उरला. त्यातल्या हकिकतीचा सांगाडा वरच्या गोष्टीसारखाच आहे, पण सजावट कमी. रात्री माणसं आली ती चार्लटनच्या लेडी निव्हेटकडून आलोय असं खोटं सांगून आली. घरात काळ्या मखमलीचा लांब झगा घातलेला एक गृहस्थ होता. बाळ झालं तेव्हा गुंडाळायला घरात कपडा नव्हता, म्हणून तिने स्वतःच्या एप्रनमध्ये गुंडाळलं. आणि मग ती आग.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाही म्हणता येणार, पण त्या जबाबात डॅरेलचं नाव नाही आणि लिटलकोटचंही नाही. पडद्याचा तुकडा नाही. पायऱ्या मोजणं नाही. हे सगळं नंतर चिकटलं. सतराव्या शतकात जॉन ऑब्री नावाच्या लेखकाने गोष्ट लिहून ठेवली, त्यात डोळ्यांवरची पट्टी आली, आणि सुईणीने प्रवासाचा वेळ धरून अंतराचा अंदाज बांधला, खोली बारा फूट उंच होती म्हणजे घर मोठ्या माणसाचंच असणार असं ताडलं, हेही आलं. मग १८१३ मध्ये वॉल्टर स्कॉटने आपल्या 'रोकबी' या दीर्घकवितेच्या टिपांमध्ये ती छापली आणि गोष्ट घराघरात गेली. पडदा कापणं आणि पायऱ्या मोजणं त्याच्या आवृत्तीतलं. वाचकांना असं काहीतरी लागतंच हातात धरायला.

मग डॅरेलचं नाव आलं कुठून? उगाच बदनाम केला का बिचाऱ्याला?

बिचारा वगैरे नाही. एक दुसरा कागद आहे. लाँगलीट नावाच्या दुसऱ्या एका मोठ्या घराच्या दप्तरात एकोणिसाव्या शतकात एक पत्र सापडलं, तारीख २ जानेवारी १५७९. लिहिणारा सर हेन्री निव्हेट, म्हणजे ज्या लेडी निव्हेटचं नाव खोटं वापरलं त्याच चार्लटनच्या घरचा. त्याने लाँगलीटच्या सर जॉन थिनला कळवलंय की तुमच्याकडे मिस्टर बॉनम म्हणून आहेत, त्यांची बहीण विल डॅरेलकडे राहते, तर त्यांना चौकशी करायला सांगा की तिला तिथे कसं वागवलं जातं, तिला मुलं किती झाली आणि त्यांचं पुढे काय झालं, कारण एका मुलाच्या खुनाची बातमी सगळीकडे पसरत चाललीय आणि ती विल डॅरेलच्या अंगाशी येईल.

मुलं किती झाली आणि त्यांचं काय झालं! हे वाक्य वाचून मी पहिल्यांदा खरंच थांबले. भूत-बीत सोडा, एका सरकारी टाइपच्या पत्रात असं थंडपणे अनेकवचनात लिहिलेलं वाचलं की पोटात गोळा येतो. कोर्टात सिद्ध व्हायला हे पुरेसं नाही, जबाबातलं घर आणि हे घर एकच हे कागदावर कुठेही जुळत नाही. पण शेजारपाजारच्या मोठ्या लोकांना तेव्हाच संशय होता एवढं तर पक्कं. गोष्टीत बाळाचं काय झालं, मालकाचं काय झालं, सुईणीचं काय झालं सगळं येतं. बाळंतिणीची चौकशी करणारं एवढं हे एकच पत्र.

आपल्याकडे ही गोष्ट सांगितली तर लोक काय म्हणतात?

माझी आई ३० वर्षं एएनएम होती, सातारा जिल्ह्यात पाच-सहा गावं फिरून बाळंतपणं केलीत तिने. तिला मी व्हिडिओ कॉलवर वाडा दाखवत ही गोष्ट सांगितली, लँडिंगवर उभं राहून, आवाज बारीक करून, अगदी माहोल करून. ती भेंडी चिरत होती. पडदा, पायऱ्या, मुखवटा कशाशी तिला देणंघेणं नाही. एप्रनपाशी आल्यावर मात्र सुरी थांबली. "एवढ्या मोठ्या घरात दुपटं नव्हतं?" म्हणाली. मी म्हटलं नव्हतं ना. "अगं मग आधीच ठरलेलं होतं त्यांचं. गरिबातल्या गरीब घरात सुद्धा जुन्या लुगड्याचं फडकं धुऊन ठेवलेलं असतं. ते नाही म्हणजे बाळ घरात राहणारच नव्हतं."

मी या वाड्यावर सापडेल ते वाचलंय. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तेव्हापासून मी पाहुण्यांना पडद्याची स्टोरी सांगतच नाही, एप्रनची सांगते.

डॅरेल माणूस कसा होता?

जन्म १५३९, बाप लवकर गेला, जमीन भरपूर, कर्ज त्याहून जास्त आणि शेजाऱ्यांशी कायम कोर्टकचेऱ्या. आपल्याकडे गावात एक तरी असा असतोच ज्याची प्रत्येक बांधावर केस चालू असते, तसा. फार्ली कॅसलच्या सर वॉल्टर हंगरफर्डने स्वतःची बायको ॲन हिच्यावर केस टाकली की हिचं डॅरेलशी लफडं आहे आणि हिने मला विष घालायचा प्रयत्न केला. ती निर्दोष सुटली, वर कोर्टाने नवऱ्याला खर्च द्यायला सांगितला, त्याने दिला नाही आणि स्वतःच तुरुंगात जाऊन बसला. पण ॲनने डॅरेलला लिहिलेली पत्रं शिल्लक आहेत आणि ती पत्रं काही कोऱ्या ओळखीतली नाहीत, एवढंच म्हणते.

जजला वाडा लाच म्हणून दिला आणि फाशीतून सुटला, हे खरं का?

ऑब्रीने तसंच लिहिलंय आणि टूरवर ऐकायला मस्त वाटतं. पण तारखा बघा. गोष्टीतला जज म्हणजे दर्शनी बाजू बांधणारा तोच जॉन पॉपम, तो लॉर्ड चीफ जस्टिस, म्हणजे मुख्य न्यायाधीश, झाला १५९२ मध्ये. डॅरेल मेला १५८९ मध्ये. मेलेल्या माणसाचा खटला कसा चालवणार? हां, पॉपम १५८१ पासून ॲटर्नी जनरल होता, म्हणजे प्रकरण दाबायचं असेल तर खुर्ची कामाची होती, हे मी नाकारत नाही. शिवाय तो डॅरेलचा नातेवाईक आणि वकीलही. १५८० च्या दशकात डॅरेलने लिहून दिलं की माझ्यामागे लिटलकोट पॉपमचं. कर्जात बुडालेला, औरस वारस नसलेला माणूस आणि त्याचा वजनदार वकील, अशा व्यवहाराला खुनाची गरज लागत नाही. वकिलाकडे जमीन जाण्याचे प्रकार मी आमच्या गावात बघितलेत, तिथे कोणी बाळ जाळलं नव्हतं.

याच पॉपमने पुढे १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅलेचा खटला चालवला आणि १६०६ मध्ये पार्लमेंट उडवायला निघालेल्या गाय फॉक्स आणि कंपनीचा. म्हणजे इंग्लंडमध्ये ५ नोव्हेंबरला जे फटाके उडतात, आपली मुलं ज्याला ‘इंग्लिश दिवाळी’ म्हणतात, त्याचा एक धागा या घरात येतो.

डॅरेल मेला कसा?

घोड्यावरून पडून, असं परंपरा सांगते. वाड्याच्या परिसरात कुंपण ओलांडायची एक लाकडी पायरी होती, तिला डॅरेलची पायरीच म्हणतात. तिथे जळतं बाळ घोड्यासमोर आलं, घोडा बुजला, डॅरेलची मान मोडली. अजूनही तिथे घोडे बिचकतात म्हणे. लंडनमध्ये वाढलेला माझा भाचा कुत्र्याला घेऊन मुद्दाम तिथल्या रस्त्याने गेला, कुत्रा बिचकला, पण तो फेझंट पक्षी बघून.

या गोष्टीचं शेपूट मला फार आवडतं. वाड्याच्या वारसाचा मृत्यू जवळ आला की डॅरेलची भुताची बग्गी दाराशी येऊन थांबते असं पॉपम घराण्याबद्दल म्हणायचे. इतकं असून त्याच घरातल्या फ्रान्सिस पॉपमने आपल्या घोड्याचं नाव काय ठेवलं? वाइल्ड डेरेल! आणि तो घोडा १८५५ ची एप्सम डर्बी जिंकला. जन्माला आला तेव्हा बटलरने शिंगराला ढकलगाडीत घालून तबेल्यात नेलं, मी डर्बी जिंकणारा घोडा गाडीत घातला असं सांगता यावं म्हणून, असाही एक किस्सा आहे. घरचं भूत बदनाम असलं तरी नावाला बरकत.

एकूण भुतं किती आहेत?

ज्याला विचाराल त्याचा आकडा वेगळा. बाळ घेतलेली बाई, सुईण, डॅरेल स्वतः आणि त्याचे शिकारी कुत्रे, जिन्यावर एक काळा कुत्रा. काळा कुत्रा तर चक्क हात लावायला खाली वाकलं की गायब होतो म्हणतात.

पॉपमचं भूत मात्र इथे नाही, ते सॉमरसेटमध्ये. तिकडची कथा अशी की तोही घोड्यावरून एका दरीत पडला ती सरळ नरकात, आणि बायकोच्या पुण्याईने त्याला सुटका मिळाली, पण अट काय तर वेलिंग्टनच्या चर्चमध्ये बायकोच्या कबरीपर्यंत दर वर्षी कोंबड्याच्या एका पावलाएवढंच पुढे सरकायचं. १६०७ ला गेला. चारशे वर्षांहून जास्त झाली, साहेब अजून वाटेत. एवढ्या मोठ्या न्यायाधीशाला पुढची तारीख, पुढची तारीख करत बसवणारी शिक्षा कोणी शोधली असेल त्याला माझा नमस्कार.

तुम्हाला स्वतःला काही दिसलं का?

दिसलं नाही. ऐकू आलं, पण ते लाकूड. लाँग गॅलरी म्हणून तिथे एक लांब दालन आहे, ११० फूट, त्या जुन्या फळ्यांवर चाललं की आपण पुढे गेल्यावर मागची फळी आवाज करत सावकाश जागेवर येते. म्हणजे तुम्ही एक पाऊल टाकता आणि दोन सेकंदांनी मागे दुसरं कोणीतरी टाकल्यासारखं वाटतं. नवऱ्याने मला हे नीट समजावून सांगितलं, लाकूड, ओलावा, प्रसरण, सगळं, आणि मग स्वतः मागे वळून बघितलं. तीन वेळा.

भुतं आवडत नाहीत, बाकी बघायला काय आहे?

भरपूर आहे आणि खरं तर भुतांमुळे त्याच्यावर अन्याय होतो.

बागेच्या पलीकडे चक्क रोमन घर आहे. १७२७ मध्ये वाड्याचा कारभारी विल्यम जॉर्ज याला जमिनीखाली रंगीत दगडांची फरशी सापडली, मधोमध वीणेसारखं वाद्य घेतलेला ऑर्फियस, ग्रीक पुराणातला गवई. त्याचं चित्र काढलं गेलं, जॉर्जच्या पश्चात त्याच्या बायकोने त्या चित्रावरून भरतकाम केलं, आणि नंतर फरशी पुन्हा मातीखाली गेली ती हरवलीच, नष्ट झाली असंच सगळे धरून बसले. १९७० च्या दशकाच्या शेवटी परत सापडली. साधारण इसवी सन ३६० ची. म्हणजे डॅरेलच्या शेकोटीपेक्षा बाराशे वर्षं जुनी आणि बघायला माणूस नसतं तिथे, सगळे वर जिन्यात मोबाईल धरून उभे.

चॅपल बघाच. क्रॉमवेलच्या काळातलं, म्हणजे सतराव्या शतकाच्या मध्याचं, राजा विरुद्ध पार्लमेंट अशी लढाई झाली तेव्हाचं, आणि पॉपम पार्लमेंटच्या बाजूने लढत होते. आपण चर्चमध्ये जिथे वेदी बघायची अपेक्षा करतो तिथे प्रवचनाचा उंच ओटा आहे, बाकी सगळं साधं लाकूड. त्या काळातलं असं अख्खं उरलेलं चॅपल इंग्लंडमध्ये दुसरं मिळणं अवघड. त्यांच्या सैनिकांची चिलखतं आणि कातडी कोट इथल्या हॉलमध्ये टांगलेले असायचे, आता तो संग्रह लीड्सच्या रॉयल आर्मरीजकडे गेलाय.

१६८८ च्या डिसेंबरमध्ये राज्य घ्यायला निघालेला ऑरेंजचा विल्यम इथे उतरला होता आणि तेव्हाचा राजा दुसरा जेम्स याचे दूत त्याच्याशी बोलायला या भागात आले होते. काही आठवड्यांत राजा बदलला.

आणि दुसरं महायुद्ध. १९४३-४४ मध्ये अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या ५०६ व्या पॅराशूट रेजिमेंटचं मुख्यालय या घरात होतं, कर्नल रॉबर्ट सिंक इथून कारभार बघायचा, शेजारच्या ऑल्डबोर्न गावात पोरं राहायची. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीत उडी मारायला इथूनच निघाली. अनेक परत आली नाहीत. त्यांचं एकही भूत मी इथे ऐकलेलं नाही, आश्चर्य आहे.

मधले मालक विल्स म्हणजे सिगरेटवाले विल्स का?

हो तेच! प्रत्येक काकांचा चेहरा इथे उजळतो. पॉपम घराण्याकडून १९२९ मध्ये सर अर्नेस्ट विल्स यांनी घर घेतलं, ब्रिस्टलच्या त्याच तंबाखूवाल्या घराण्यातले. आपल्याकडे पानाच्या टपरीवर ‘एक विल्स दे’ म्हणायचे ते नाव या कुटुंबाचं. माझे सासरे लाँग गॅलरीत उभे राहून म्हणाले, यातल्या दोन-चार फळ्या माझ्या पैशाच्या आहेत.

हॉटेल कधी झालं?

१९८५ मध्ये विल्सनी पीटर डी सॅव्हरी या उद्योगपतीला विकलं, त्याने जत्राच भरवली, चिलखत घालून घोड्यावरच्या लढाया वगैरे. १९९६ पासून वॉर्नर कंपनीकडे आहे. जुन्या वाड्याला जोडून नंतर बांधलेल्या भागातही रूम आहेत, आणि भुताच्या सगळ्या कथा जुन्या वाड्यातल्या, त्यामुळे घाबरणाऱ्यांनी बुकिंग करताना नव्या भागातली रूम मागावी, हौशी लोकांनी उलटं.

मुलांना नेता येईल का?

राहायला नाही. हे ॲडल्ट्स ओन्ली हॉटेल आहे, बुकिंग करण्याआधी हे बघाच, कारण आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने न बघता दुसरीकडच्या अशाच एका हॉटेलचे पैसे भरले आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन रिसेप्शनवर उभे राहिले. ज्या घराची सगळी प्रसिद्धी एका बाळावर उभी आहे तिथे लहान मुलांना मुक्कामाला बंदी, हा विनोद मी प्रत्येक ट्रिपला करते आणि प्रत्येक ट्रिपला नवरा एकटाच हसत नाही.

नेमकं कुठे उभं राहून बघायचं?

जिन्याच्या वरचं लँडिंग, संध्याकाळी चारनंतर, हिवाळ्यात. त्या वेळी बाहेर अंधार पडायला लागलेला असतो, खाली डिनरची भांडी वाजत असतात. छताकडे बघा, भिंतींची उंची बघा. जाताना सोबत स्वेटर ठेवा, जुन्या वाड्यात वारा कुठून येतो कळत नाही. आणि आई पहिल्यांदा प्रत्यक्ष आली तेव्हा तिने केलं तसं करायचं असेल तर रुमाल असू द्या जवळ. तिने शेकोटीच्या कठड्यावर एक स्वच्छ, घडी केलेला मऊ सुती रुमाल ठेवला, दोन मिनिटं उभी राहिली, मग कोणी बघायच्या आत उचलून परत पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, चल, चहा मिळतो का बघू.